यावोरच्या पुढे एक पाऊल

नेवेना डॅन्यूब नदीच्या काठावर नुसती उभी होती. दर शनिवारी सकाळी रुसे शहराच्या घाटावर म्हातारे, लठ्ठ, चाकाच्या खुर्चीतले असे सगळे मिळून धावतात, कुणालाच ना नसते, हे तिने ऐकलं होतं. पण दुरून बघून परत फिरायचं, एवढीच तिची हिंमत. तेवढ्यात एका उंच तरुणाने आखूड दोरीचं टोक तिच्यापुढे धरलं.

"उशीर केलात. चला."

"अहो... तुम्ही जिची वाट बघताय ती मी नाही."

"ती आलेली नाही, तुम्ही आलायत. रस्ता सांगता येतो ना?"

तिने मान हलवली.

"मान हलवू नका. मला ऐकू येत नाही ती."

हा यावोर. त्याला जन्मापासून दिसत नव्हतं; दोरीचं एक टोक त्याच्या हातात, दुसरं रस्ता सांगणाऱ्या सोबत्याच्या. त्या दिवसापासून दर शनिवारी ती त्याच्या शेजारी धावू लागली, आणि तोंडाचा पट्टा अखंड सुरू. डावीकडे खड्डा, पुढे कुत्रं, बाकावर दोन बायका तुझ्याकडे बघतायत.

"सुंदर आहेत?"

"सत्तरीच्या आहेत."

"मी वय नाही विचारलं," तो म्हणायचा, आणि ती हसता हसता पुढचा खड्डा सांगायची.

मग एप्रिलमध्ये एकदा त्याच्या चेहऱ्याकडे बघता बघता ती पायरी सांगायला विसरली. यावोर पडला, गुडघा फुटला. तो हसत उठला. नेवेनाची मात्र झोप उडाली. पुन्हा पडला तर? त्याने आपला हात कायमचा सोडला तर?

मे महिन्यात शर्यत आली. अंध धावपटूंची वेळ शहरात पहिल्यांदाच नोंदली जाणार होती. शनिवारचा गट चालवणाऱ्या रुमियाना मावशींनी तिला दहादा बजावलं, "सोबत्याने शेवटची रेषा आधी ओलांडली की धावणारा बाद. लक्षात ठेव गं."

दहा किलोमीटर ती जीव मुठीत धरून धावली. शेवटची वीस पावलं उरली, आणि रेषेवर अंथरलेल्या गालिच्याला आलेला फुगवटा तिला दिसला. पाय उचल, एवढंच सांगायचं होतं. पण त्याचा फुटलेला गुडघा आठवला... ती झटकन रेषा ओलांडून पुढे झाली आणि तिने फुगवटा पायाने दाबून धरला. यावोर सुखरूप आत आला. पंचांनी त्याचं नाव खोडलं.

धावून झालं की सगळे तंबूत चीज भरलेली गरम बानित्सा खात आपापली गोष्ट सांगत, ही गटाची रीत. नेवेना तंबूच्या मागे जाऊन रडत बसली. थोड्या वेळाने तिच्या हुंदक्यांच्या दिशेने पांढरी काठी टेकत यावोर आला.

"आज गोष्ट सांगायची पाळी माझी आहे. तुझं नाव घेऊ?"

"घे. सगळ्यांना कळू दे."

"पुढे का गेलीस?"

"गालिचा फुगला होता. तू पडला असतास."

"मग सांगायचं. चार महिने क्षणभर गप्प बसली नाहीस, आणि नेमकी तिथे—"

"आवाजच फुटला नाही. तुला काही होईल म्हटलं की माझं काळीज जागेवर राहत नाही. मला तू आवडतोस, यावोर... फार. म्हणूनच मी वाईट सोबतीण आहे."

तो तिच्या शेजारी येऊन बसला. तंबूतून रुमियाना मावशींचं हसू ऐकू येत होतं.

"खरंय," तो म्हणाला. "मी पडलो तरी चालेल, असं ज्याला वाटतं, तोच माझ्या शेजारी धावू शकतो. पुढच्या वेळी मी दुसऱ्या कुणाला घेणार."

तिला हेच ऐकायची भीती होती. तिने नुसती मान हलवली.

"मान हलवतेयस?"

"हो."

"मग आता नीट ऐक. तू रेषेच्या पलीकडे उभी राहा आणि बडबड. काहीही बोल. मला तुझ्याकडे धावत यायचंय."

नेवेनाने त्याचा तळवा उचलून आपल्या ओल्या गालावर ठेवला, आणि त्याने तो काढून घेतला नाही.