पट चाळीस, हजर शून्य

ही गोष्ट रचलेली नाही. रचलेली असती तर निदान मला जेवण तरी गेलं असतं.

मी भार्गवी. जुळे सोलापुरात राहते. शहरातल्या एका खाजगी विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र विभागात तासिका तत्त्वावर शिकवते. विद्यापीठाचं नाव विचारू नका. पूर्वी ते साधं बी.एड. कॉलेज होतं.

मागच्या ऑक्टोबरात तपासणी समिती येणार होती. विभागप्रमुख शरच्चंद्र सरांनी मला विभागाचा इतिहास लिहायला बसवलं.

"मॅडम, इतिहास नीट उतरला की जूनमध्ये तुम्हाला कायम करायचं बघू."

सात वर्षं हेच गाजर बघत होते. बसले लिहायला.

जुन्या फायली सराव पाठाच्या बंद खोलीत होत्या. बुधवार. दुपारचे अडीच. कॉरिडॉरमध्ये चिटपाखरू नाही.

दाराला कुलूप होतं...

आणि आत कुणीतरी फळ्यावर लिहीत होतं.

खडूचा कर्रर्र आवाज. मग डस्टर घासल्याचा. मग पुन्हा खडू...

मी कुलूप काढलं. आत कुणी नव्हतं. बाकांवर बोटभर धूळ. फळ्याच्या कोपऱ्यात मात्र ताजी अक्षरं होती. आम्ही भावी शिक्षकांना लिहायला लावतो, अगदी तशी.

इयत्ता सातवी. विषय मराठी. पट ४०. हजर ०.

टेबलावर डस्टर होता. सहज उचलला.

ओला होता... चिकट. खडूच्या भुकटीत लाळ कालवावी तसा. आणि मधोमध लालसर.

मला शिसारी आली. तीनदा साबण लावला, तरी बोटांचा बुळबुळीतपणा जाईना. डबा तसाच घरी नेला.

दुसऱ्या दिवशीही अडीचला तेच. तिसऱ्या दिवशी मी आमच्या शिपायाला, मडिवाळप्पाला, गाठलं. अक्कलकोटकडचा माणूस, इथे तीस वर्षं काढलेली.

तो माझ्याकडे बघेना.

"तितं जाऊ नका की मॅडम. गुरम्मा हाय ती."

"कोण गुरम्मा?"

"बी.एड.ला हुती, आमच्याच भागातली. घरात कानडी. मराठी बोलायची, पण आमच्यावानी. हाय, न्हाय. सर म्हनले, असली मास्तरीण नको. रिकाम्या खोलीत उभी करायचे. भाषा शुद्ध होईस्तवर पाठ घे म्हनायचे, बाकांना शिकव. 'ब्याड री सर' म्हनायची. नको सर म्हनून. लई रडायची."

"मग?"

"एक दिवस दार उघडलं तर डस्टरनं जीभ घासत हुती. रगात आलतं. संध्याकाळी अक्कलकोटच्या गाडीत बसवली मीच. घरी पोचलीच न्हाय ती."

"आणि ते सर कोण?"

त्यानं नुसती मान वळवली. विभागप्रमुखांच्या केबिनकडे.

त्याच खोलीतल्या कपाटात मला तिची पाठ टाचणाची वही सापडली. एकच धडा अकरा वेळा. प्रत्येक पानाखाली लाल शाईत शेरा: 'उच्चार अशुद्ध. पाठ पुन्हा घ्यावा.' खाली ती ओळखीची झोकदार सही. याच सहीच्या पत्राची मी जूनसाठी वाट बघत होते!

मी इतिहासात गुरम्मावर एक परिच्छेद लिहिला. सरांनी वाचला. पान खात खात.

"अहो, तिच्या भल्यासाठीच केलं. त्यात काय एवढं? हे काढा." तोंड पुसून हसले. "तुम्हाला कायम व्हायचंय ना?"

त्या हसण्याची किळस आली. मी तिथून उठले.

आणि परिच्छेद काढला.

हो, काढला. त्यांच्यापेक्षा मोठी किळस मला माझी येते.

त्या दुपारी अडीचला खोलीबाहेर उभी राहिले...

काहीच नाही.

खडू नाही. डस्टर नाही. आत गेले तर फळा कोरडा, काळा, स्वच्छ. दुसऱ्या दिवशीही तेच. आजतागायत तेच.

"गेली," मडिवाळप्पा म्हणाला. "आता कुनी ऐकनार न्हाय म्हनून गेली आसंल."

"कुठे?"

तो खोलीला कुलूप लावायला वळला.

जूनमध्ये कायम केल्याचं पत्र हातात पडलं. सगळ्यांनी पेढे मागितले. मी वाटले. स्वतः एक खाल्ला आणि बाथरूममध्ये जाऊन ओकले.

आज हे लिहायला बसले, कारण विभागाच्या छापील इतिहासात गुरम्माचं नाव कुठंच न्हाय.

वरच्या ओळीतला शेवटचा शब्द मी टाइप केलेला नाही.

चार वेळा खोडला. दुरुस्त केला. दर वेळी...

आता तसाच राहू दिलाय.