एका माणसाची जागा

लग्नाच्या ग्रुप फोटोत नवरीच्या डाव्या हाताला एका माणसाची जागा मोकळी सोडायची, आणि का म्हणून विचारायचं नाही. एरवी मोठ्या काकांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जाई, पण हा नियम सांगताना तेही कुजबुजत.

ठिणगी हा नियम लहानपणापासून ऐकत आली होती. ठिणगी हे नाव बाबांनी ठेवलेलं, आणि कॉलेज संपेपर्यंत तिनं ते पुरेपूर खरं केलं होतं. आता तिच्या ताईचं लग्न होतं आणि फोटो काढायचे होते तिनंच.

"साबणाच्या वडीएवढा कॅमेरा!" काकू म्हणाल्या. "आणि ते पुढं-मागं होणारं नाक कुठंय त्याचं?"

"याला नाक नसतं, काकू. जवळचा फोटो हवा तर मी जवळ जायचं, लांबचा हवा तर मी मागं सरकायचं. पाय हाच झूम."

"मग चपला तरी बऱ्या घाल."

ताई खदखदून हसली. ताईचं हसणं म्हणजे मांडणीवरून भांडी कोसळावीत तसं, शेजारीपाजारी ओळखत. ठिणगीला आज फोटोत पकडायचं होतं ते हेच.

कॅमेऱ्याचं भिंग एका जागी पक्कं बसवलेलं. वर्षभर वापरून ठिणगीच्या डोळ्यांत मापं बसली होती. पडद्यावर माणूस काडीएवढं दिसलं तर वीस पावलांवर, बोटाएवढं दिसलं तर सात. हा कॅमेरा अंतराबाबत खोटं बोलूच शकत नव्हता.

लग्न साधंच होतं. पहिल्या मजल्यावरचा भाड्याचा हॉल, नोंदणी अधिकारी, सह्या, मग जेवण. खिडक्यांतून सकाळचं लख्ख ऊन आत येत होतं. ठिणगीनं पहिला फोटो मागच्या खोलीत काढला. ताई केस विंचरत होती आणि मागं उघडं दार, दाराबाहेर लांब बोळ. बोळाच्या टोकाला एक बाई उभी होती, काडीएवढी. करडे कपडे, कोपरं बाहेर काढलेली, दोन्ही हात तोंडावर. रडत असेल कुणीतरी, असं म्हणून ठिणगीनं वर पाहिलं. बोळ रिकामा होता.

सह्यांच्या वेळी तिनं दुसरा फोटो काढला. खुर्च्यांच्या रांगेमागं तीच बाई. हात तसेच तोंडावर. आता ती बोटाएवढी झाली होती.

सात पावलं... म्हणजे बाई चालत येत होती. हॉलमध्ये एक आंबट, औषधी वासही सुटला होता. आणि ठिणगीनं बटण दाबलं की तिच्या कॅमेऱ्याच्या बारीक टकपाठोपाठ कुठूनतरी दुसरा आवाज येई. कर्र... जुन्या कॅमेऱ्यात रीळ पुढं सरकवावं तसा.

तिसऱ्या फोटोत ताई हसत होती, अगदी मनासारखी. पण तिच्या खुर्चीच्या पाठीला लागून फक्त एक करडं धड होतं. डोकं चौकटीच्या वर गेलेलं. इतकं जवळ.

ठिणगीनं काकूंना ओढतच कोपऱ्यात नेलं आणि कॅमेऱ्याचा पडदा समोर धरला. काकूंनी हातातला सरबताचा पेला खाली ठेवला.

"आली का..." त्या पुटपुटल्या. "दरवेळी येते. तिची जागा सोड म्हणजे झालं. उभी राहील आणि जाईल."

"कोण?"

"तुझी आत्या. यांची थोरली बहीण."

आत्या तरुणपणीच गेली, एवढंच ठिणगीला ठाऊक होतं. "घरात तिचा एकही फोटो कसा नाही?" तिनं विचारलं.

"कसा असेल?" काकू म्हणाल्या. "मी या घरात येण्याआधीचं हे, सगळं ऐकीव. घरात कॅमेरा तिलाच चालवता यायचा. न्हाणीघर बंद करून, तिथंच औषधात फोटो धुवायची. सगळ्यांचे फोटो तिनं काढले, तिचा कुणी काढला नाही. लग्नाचासुद्धा. त्या लग्नाला ती नको म्हणत होती गं... तीनदा म्हणाली. कुणी ऐकलं नाही. मग बोलायचीच बंद झाली, आणि वर्षाच्या आत गेली."

"आणि तिच्या शेजारी जी नवरी उभी राहते, तिचं काय होतं?"

ठिणगीच्या डोळ्यांपुढं घरातला अल्बम उभा राहिला. लग्नाच्या सकाळी आई तोंड उघडून हसते आहे. मग ग्रुप फोटो, आईच्या डाव्या हाताला मोकळी जागा. आणि त्यानंतरच्या पंचवीस वर्षांच्या एकाही फोटोत आईचे दात दिसत नाहीत. आई अर्धं वाक्य बोलते आणि उरलेलं गिळते. काकूंचंही तेच, हळू बोलणं हा त्यांचा स्वभाव, असं सगळे म्हणत.

"थोडी शांत होते नवरी, एवढंच," मोठे काका मागून म्हणाले. ते कधी येऊन उभे राहिले, कळलं नव्हतं. "बाईमाणूस शांत असलं तर घराचं काय बिघडतं? चल, सगळे खोळंबलेत."

बावीस माणसं ओळीत उभी राहिली. ताईच्या उजवीकडं नवरदेव, डावीकडं एका माणसाची जागा. तिथली जमीन ओली दिसत होती. आंबट वास आता उग्र झाला होता. ताईचं हसू अजून चेहऱ्यावर होतं, पण ओठ हळूहळू मिटत आले होते.

"ठिणगे," ताई म्हणाली, "मला इथं गार..." वाक्य तिथंच थांबलं. ताईचं वाक्य आजवर कधी अर्धं राहिलं नव्हतं.

ठिणगी बारा पावलं मागं गेली. बावीस माणसं मावायला तेवढी लागतातच. टेबलावर रजिस्टरं रचून तिनं त्यावर कॅमेरा ठेवला, दहा सेकंदांचा टायमर लावला आणि धावत येऊन मोकळ्या जागेत उभी राहिली. ताईचा हात तिनं गच्च पकडला.

"अगं, तिथून नीघ!" काका ओरडले.

"ही जागा भरली."

"तिला जागा नाही मिळाली तर..." आईचं वाक्य. नेहमीसारखंच अर्धं.

कॅमेऱ्याचा लाल दिवा लुकलुकत होता. त्या दिव्याकडं बघताना ठिणगीला उमगलं. तोंडावर हात, कोपरं बाहेर. आत्या रडत नव्हती. ती डोळ्याला कॅमेरा लावून उभी होती. तिची जागा ओळीत नव्हतीच.

टक. आणि मग, कर्र...

ताई एकदम मोठ्यानं हसली, भांडी कोसळल्यासारखी. ठिणगी पळत टेबलाशी गेली. कॅमेरा रजिस्टरांवर होता तिथंच, जराही हललेला नव्हता.

फोटोत अख्खी ओळ नव्हती. पाचच होती, छातीपर्यंतच. चेहरे एवढे मोठे, की फोटो दोन पावलांवरूनच काढलेला असणार. मधोमध ताई हसत होती. बाकीचे चौघे, ठिणगीसुद्धा, भिंगाच्या किंचित वर बघत होते, जिथं फोटो काढणाऱ्याचा चेहरा असतो.

"पुसून टाक तो," काका म्हणाले. त्यांचा आवाज फाटला होता. "परत काढ. जागा सोड. अजून वेळ गेली नाही."

ठिणगीनं कॅमेरा छातीशी धरला आणि त्यांच्याकडं वळली.

"नाही. तिनं तीनदा सांगितलं, तुम्ही ऐकलं नाहीत. मी एकदाच सांगते. नाही."

काका, काकू, आई, सगळी थोरली माणसं तिच्याकडं बघत होती. तिच्या चेहऱ्याकडं नव्हे. तिच्या खांद्यामागं, किंचित वर.