चिंचेनं घासलेली चांदी

परदेशातून लोक काय आणतात ते मला तोंडपाठ आहे. फ्रिजला चिकटवायची चुंबकं, किल्लीला अडकवायचे मनोरे आणि विमानतळावरची चॉकलेटं, जी इथे पंडरी बाजारातही मिळतात. मी तीस वर्षं रायपुरात भौतिकशास्त्र शिकवलं. हाताला लागेल ते उचलणाऱ्यांतली मी नव्हे. निवृत्तीनंतर जूनमध्ये सहल कंपनीबरोबर ग्रीसला निघाले तेव्हाच ठरवलं होतं, ज्याला ज्याची गरज तेच त्याला आणायचं.

तिथल्या एका बेटावर, बंदरामागच्या गल्लीत, एका म्हातारीचं दुकान होतं. चांदीच्या पातळ पत्र्यांवर ठोकून उठवलेली चित्रं तिनं दोऱ्यांना टांगली होती. डोळा, हात, हृदय. ज्याचा जो अवयव दुखतो त्याचा पत्रा लोक देवळात नेऊन बांधतात, असं गाइडनं सांगितलं. मी हरखलेच. आमच्या घराण्यात असेच चांदीचे टाक आहेत, भोसल्यांच्या काळापासूनचे. खंडोबा, भवानी आणि दोन पूर्वज. म्हणजे हे तर आपल्यातलंच!

धाकटे दीर श्यामकांत यांचा उजवा गुडघा धरायचा, म्हणून त्यांच्यासाठी पाय घेतला. सुनेसाठी, स्नेहलसाठी, हातपाय पसरलेलं गुटगुटीत बाळ. तिचे दोन गर्भ टिकले नव्हते, आणि मी निघाले त्याच आठवड्यात तिला पुन्हा दिवस गेल्याचं कळलं होतं. ते बाळ हातात घेतल्यावर भाव करायचंही मला सुचलं नाही, हे कबूल करते.

बाळावरचा काळेपणा पुसायला मी पदर लावला, तर म्हातारीनं माझं मनगट घट्ट धरलं आणि काहीतरी भराभर बोलली. गाइड हसला. म्हणाला, जुनी चांदी उजळली की भाव उतरतो. मला पटलं.

भाउजी गुढियारीत राहतात, मालधक्क्याच्या मागे. पाय पाहून ते खूश झाले. "वहिनी, सगळे मले चाबीचे छल्लेच आणून देतात. तुम्हीच कामाचं आणलं!"

"टाकांतच ठेव, शोभेल," मीच कमलाला, म्हणजे माझ्या जावेला, सांगितलं. कमलाचं देवघर सणाच्या आदल्या दिवशी पाहावं. चिंच, राख आणि कोपरापर्यंत काळे हात. देवांनीही दमून जावं असं ती घासते.

हरेलीनंतर, म्हणजे आषाढी अवसेनंतर, भाउजींच्या पायाचं नख काळं पडलं. साखर, दुसरं काय! पोळ्याला बोटं काढावी लागली. गणपती बोळवले त्या आठवड्यात पाऊल गेलं. पितृपक्षात डॉक्टरांनी गुडघ्याच्या जरा खालून पाय कापला. मी कमलाला धीर देत होते, आणि एवढी साखर वाढूनही भाउजींनी जिलेबी सोडली नाही, हे मनातल्या मनात म्हणतही होते.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी दुपारी मी त्यांना भेटायला गेले. भाउजी खाटेवर डोळे मिटून पडले होते. कमला खाली देव घेऊन बसली होती.

"बसा ताई. देव घासून राहिले, उद्या घट बसते ना." मग ओशाळून म्हणाली, "तुमचा तो पाय झिजला हो. मी काही जोर लावत नाही, तरी झिजून राहिला."

तिनं पत्रा माझ्या तळहातावर ठेवला.

मांडी होती, गुडघा होता. त्याच्या जरा खाली चित्र संपलं होतं आणि पुढे नुसता गुळगुळीत पत्रा. मी खाटेकडे पाहिलं. पट्टी त्याच जागी संपत होती.

चांदी मऊ असते, मला माहीत आहे. पण झिजताना आधी उंचवटा झिजतो. या पत्र्यावर सगळ्यात उंच गुडघा होता, आणि त्याची एक रेघही पुसलेली नव्हती.

"आधी काय गेलं?" मी विचारलं.

"नख. हरेलीले घासले तवा. मंग बोटं."

"भाउजींचं नख काळं पडायच्या आधी की नंतर?"

कमलाचा हात थांबला. "आधी. दोन-तीन दिवस आधी. काहून, ताई?"

उद्या घट आमच्याकडेही बसणार होते. चार महिने स्नेहलला अंथरुणातून उठू दिलं नव्हतं. बाळाचा पत्राही आमच्या देवांतच होता, आणि देव मीच नुसते पाण्यानं धुवत होते. आता डॉक्टरांनी तिला हिंडायची परवानगी दिली होती, आणि सकाळीच मी निघताना ती म्हणाली होती, "देव घासायचं आज माझ्याकडे लागलं."

फोन वाजत राहिला. तिनं उचलला नाही. मुलाला, शिशिरला, लावला.

"आई, मीटिंग में हूँ, बाद में करता हूँ."

यजमान गेल्यापासून मी या दोघांकडे नव्या रायपुरात राहते. टॅक्सी शहराबाहेर पडली आणि ते रुंद, रिकामे रस्ते सुरू झाले. एका चौकात लाल दिवा होता. चारी बाजूंना चिटपाखरू नव्हतं, तरी ड्रायव्हर थांबला. मी त्याच्यावर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला सिग्नल तोडायला सांगितलं.

स्नेहल स्वयंपाकघरात पाटावर बसली होती. समोर परातीत चिंचेचं पाणी.

"आई, किती फोन! हात भरले होते माझे."

"बाळ घासलंस?"

"सगळ्यात आधी तेच," ती हसली. "तुम्ही नुसतं पाण्यानं धुऊन राहिल्या होत्या ना, किती काळं पडलं होतं!"

मी तिच्या हातातून पत्रा हिसकावला.

दोन्ही हात होते. मी बोटं मोजली. दहा. पायांची मोजली. दहा. पोट होतं, बेंबी होती. मी तिथेच फरशीवर बसले आणि रडू लागले.

"आई, काय झालं?"

"काही नाही गं." मी डोळे पुसले आणि पत्रा खिडकीशी धरला.

कपाळापासून हनुवटीपर्यंत चांदी सपाट होती. त्यात मला माझाच चेहरा दिसला.

मी पत्रा पदराआड धरला. तिला हे कोणत्या तोंडानं सांगणार?

चौथ्या दिवशी पाचव्या महिन्याची सोनोग्राफी होती. मी तिचा हात धरून उभी राहिले. डॉक्टर पडद्याकडे पाहत मोठ्यानं सांगत होते.

"हाथ... बढ़िया. पैर... बढ़िया. रीढ़... दिल... सब बढ़िया."

स्नेहलनं माझा हात दाबला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

डॉक्टरांनी तिला कुशीवर वळवलं.

मग दुसऱ्या कुशीवर.

"बच्चा चेहरा छुपा रहा है," ते हसले. यंत्र पुन्हा फिरवलं. पोटावर आणखी जेल लावलं, पुन्हा फिरवलं. आता ते हसत नव्हते.

स्नेहलला पडदा दिसत नव्हता. मला दिसत होता.

"सर," तिनं लाडानं विचारलं, "किसके जैसा दिखता है?"

डॉक्टरांनी हात पुढे करून पडदा बंद केला.