पुसून काढलेलं मलम

ड्यूटी संपत आली होती आणि तिच्या पायांत गोळे आले होते. तेवढ्यात ड्रेसिंगच्या खोलीत तो आला. डावा हात ओल्या टॉवेलात, डोळे झोपेने जड. लाँड्रीत तो कपडे प्रेस करायचा. आदल्या दिवशी मशीनच्या वाफेने हात भाजला होता.

तिने टॉवेल काढला. हातावर पांढऱ्या मलमाचा जाड लेप.

"हे कुणी लावलं?"

"शेजारच्या काकूंनी. त्यांच्याकडे उरलेली ट्यूब होती."

"आणि तुम्ही लावून घेतलंत."

"दमलो होतो, सिस्टर. काकूंनी शाई लावली असती तरी नाही म्हणालो नसतो."

तिने हसू गिळलं. भाजलेल्या जागेच्या बाहेर, चांगल्या कातडीवरही बारीक पुरळ उठलं होतं.

"सल्फाच्या औषधाचा कधी त्रास झाला होता?"

"आठवत नाही... ताईला माहीत असेल."

"मग ताईंना फोन लावा. या मलमात सल्फा असतं."

ताईंचा आवाज फोनमधून खोलीभर झाला. "अगं बाई, लहानपणी सल्फाच्याच गोळीने तोंड भोपळ्याएवढं सुजलं होतं त्याचं. श्वास घेता येईना. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं. याच्या मेलं लक्षात काही राहील तर शपथ."

तिने डॉक्टरांना बोलावलं आणि सलाइनच्या पाण्याने मलम हलक्या हाताने धुऊन काढलं. डॉक्टरांनी पुरळावर औषध दिलं, जखमेला दुसरं मलम लिहिलं आणि त्याला थोडा वेळ नजरेसमोर बसवून ठेवायला सांगितलं. तो खुर्चीतच झोपला. तिची ड्यूटी संपली, तरी ती निघाली नाही. त्याचा श्वास संथ चालताना बघत बसली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

मग तो ड्रेसिंगला येत राहिला. "सिस्टर" कधी गळून पडलं आणि "अहो" आलं, कळलं नाही.

"अहो, आज मलम जरा सढळ हाताने लावा की."

"जास्त लावलं म्हणजे लवकर बरं होत नाही. पातळ थर पुरतो."

"लवकर बरं व्हायची घाई कुणाला आहे?"

तिने पट्टी गुंडाळताना मान वर केली नाही. कान मात्र तापले होते.

एके दिवशी पट्टी सोडली तर खाली गुलाबी, कोरडी कातडी. तिने दोनदा बघितलं.

"औषध बंद," ती म्हणाली. "गरज नसताना असलं जंतू मारणारं मलम लावत बसलं, तर जंतू त्याला सरावतात. पुढे खरंच लागेल तेव्हा ते चालत नाही."

"म्हणजे उद्या यायचं नाही?"

"नाही."

तो उठला, दारापर्यंत गेला, परत आला. "मला बोलता येत नाही नीट. दिवसभर वाफेत उभं राहून डोकं रिकामं होतं... पण तुमच्यासमोर बसलं की दमणूक उतरते. रविवारी घरी याल? ताईही विचारत होती."

ती स्टुलावर टेकली. कितीतरी दिवसांत तिला कुणी, कामाशिवाय, कुठे बोलावलं नव्हतं.

"येईन," ती म्हणाली. "पण मला फार बोलायला लावू नका. रविवारी मी नुसती मेल्यासारखी पडलेली असते."

"आमच्याकडे कुणालाच बोलावं लागत नाही," तो म्हणाला. "ताई आहे ना."