रकान्यात परत येणारे सर

थापाच मारायच्या असत्या तर मी यात निदान एक हडळ तरी घातली असती. पण यात आहे फक्त माझी मावशी, एक कॉम्प्युटर आणि... सर.

मावशी विद्यापीठाच्या संशोधन-भांडारात काम करते. कुणाचं संशोधन, कशावर, कधीचं, हे ती रकान्यांत भरते. ती चुकली तर ते कुणाला सापडतच नाही.

शुक्रवारची संध्याकाळ. तळमजल्यावरची खोली. सगळे घरी पळालेले.

समोर घुबडांच्या आवाजांची रेकॉर्डिंग होती. ती केली होती एका विद्यार्थिनीनं. पण 'संशोधक' या रकान्यात नाव होतं तिच्या सरांचं. सर तर गेल्याच वर्षी वारले होते. मुलीची सोमवारी मुलाखत होती. नाव नाही, तर नोकरी नाही.

मावशीनं सरांचं नाव खोडलं. मुलीचं टाकलं. सेव्ह केलं.

पान पुन्हा उघडलं, तर... सरच!

"आगाऊ मशीन!" मावशी पुटपुटली. दोन अक्षरं टाइप केली की ते जुनं नाव स्वतःच भरतं. घाईत सगळे तेच राहू देतात. तिनं ती सोय बंद केली. परत मुलीचं नाव टाकलं.

तेवढ्यात...

मागे कुणीतरी खाकरलं.

मागे कुणीच नव्हतं.

पंख्याची घरघर थांबली होती. पंखा मात्र फिरत होता.

आणि स्क्रीनवर मुलीचं नाव पुसलं जात होतं. एकेक अक्षर...

दुसरी कुणी असती तर चपला टाकून पळाली असती. मावशीचं डोकंच फिरलं!

"सर, जिवंतपणी लाटलंत तेवढं पुरलं नाही का? रात्र रात्र चिखलात बसली ती. तुम्ही घरी घोरत होतात!"

खाकरणं थेट कानाशी आलं. गारेगार.

"खोकल्याची गोळी देऊ?"

 तिकडून पुसलं की इकडून मावशी पुन्हा टाकायची. बाहेर अंधारलं, पण बाई हटली नाही.

शेवटी... पुसणं थांबलं.

मुलीचं नाव टिकलं. नोकरीही लागली.

पण तेव्हापासून मावशीच्या प्रत्येक नोंदीखाली, नोंद करणारी म्हणून, तिचं स्वतःचं नाव उमटायला हवं, तिथे... कोरं असतं. इंजिनिअरनं हात टेकले.

"राहू दे कोरं," मावशी म्हणते. "काम थांबलंय का माझं?"

काल तिचा फोन आला. आईच्या मोबाईलवर तिचं नाव दिसतं नेहमी. काल तिथेही काहीच नव्हतं.

मी उचलला. आवाज तिचाच. मोठ्यांना नावानं हाक मारायची नसते. मी मारली. चांगली ठणकावून.

"कुणाचं नाव घेतलंस?" पलीकडून मावशीनं विचारलं...