पाठीवरचा नंबर

"चैताली, कव्हरावर भाळू नकोस. पाठीवरचा नंबर वाच, मगच माल हातात दे!"

बाबा जाऊन दोन पावसाळे झाले, तरी लोणावळ्याच्या बाजारातल्या त्यांच्या जुन्या सीडींच्या दुकानात चैतालीला हा आवाज ऐकू यायचा. नेमका त्या सोमवारी मात्र ऐकू आला नाही.

सोमवारी तिचं मौन असे. सांजवात लागेपर्यंत एक शब्द नाही. समोर तुंगार्लीचा अमृत उभा होता, केसांवर धुकं घेऊन.

"इथल्या मैदानावर झालेल्या त्या पॉप कार्यक्रमाची लाइव्ह सीडी आहे?"

तिनं मान डोलावून सीडी दिली. कुठली आवृत्ती, हे विचारायला तोंड उघडावं लागलं असतं... आणि खरं तर त्याच्या डोळ्यांकडे बघता बघता नंबर बघायचा राहूनच गेला.

दुसऱ्या दिवशी तो परत आला.

"गाणी तीच, पण यात आई नाही."

"आई?"

"तिथं कणसं भाजत होती. शेवटच्या गाण्याला तिनं अशी शिट्टी मारली, की गायकच हसला! पुढच्या आवृत्तीत गर्दीचे आवाज कापले म्हणे." त्यानं सीडी काउंटरवर ठेवली. "आई गेली गेल्या वर्षी. तिचं म्हणून ऐकायला तेवढंच..."

चैतालीची नजर खाली गेली. "चूक माझी. दोन्हींचं कव्हर एक, मागचा बारकोडही तोच. फरक फक्त डबीच्या अरुंद कडेवरच्या, पाठीवरच्या नंबरात. पहिलीच्या शेवटी 'ए', दुसरीच्या 'बी'."

"मग काल बोलला का नाहीत?"

"मौन होतं."

"अरेच्चा! मला वाटलं, मी आवडलो नाही."

"तसं मी कुठं म्हटलं?"

"तुम्ही काही म्हटलंच नाही ना!"

ती ओढणीआड हसली.

मग शोध सुरू झाला. चैताली जुन्या गिऱ्हाइकांना फोन करायची आणि ड्युटी सुटली की अमृत यायचा, कागदात गरम कणीस घेऊन. महिना असाच सरला. एका रविवारी पवनानगरला तंबूंचा कॅम्प चालवणारे हौशीराम भाऊ फोनवर म्हणाले, "हाय की ती शीडी! पर नंबर-बिंबर आपल्याला न्हाई वाचता येत, पोरी. उद्या येऊन बघ. परवा समदं भंगारात चाललंय."

"उद्या सोमवार," अमृत म्हणाला. "मला ड्युटी आहे. तुम्ही न बोलता कशी आणाल?"

"आणेन. शब्द दिला."

तिनं तळहात पुढे केला. त्यानं त्यावर पेननं नंबर लिहिला, शेवटचा 'ए' ठळक. गुदगुल्या होत होत्या... तिनं हात मागे घेतला नाही.

"आणखी एक," तो हलकेच म्हणाला, "सोमवारी तुमच्या शेजारी गप्प बसायला आवडेल मला. जन्मभर. उत्तर उद्या द्या — नुसती मान हलवलीत तरी कळेल."

सोमवारी आंघोळीत पुसट झालेले आकडे तिनं पूजेनंतर पुन्हा गिरवले आणि जीपच्या थांब्यावर आली.

"ताई, पवनानगर का?" ड्रायव्हरनं विचारलं.

तिनं मूठ मिटली, मान हलवली आणि खिडकीशी बसली. दिवेलागणीच्या आत परतायचं होतं. अमृतसमोर अजून एकदा तशीच मान हलवायची होती.