धरणाच्या यंत्राचा हट्ट

"असा शब्द नाही," धरणाच्या यंत्राने सातव्यांदा उत्तर दिले आणि जुईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"नाही म्हणजे काय? साधा मराठी शब्द आहे, मेल्या!" ती पडद्यावर ओरडली. यंत्र आपले ढिम्म.

साल होते २०७१. धरणातून पाणी सोडण्याआधी नदीकाठचा भोंगा वाजायलाच हवा, असा नियम होता. धरणाचे यंत्र सरकारी. त्याची प्रोग्रॅमिंग भाषा (यंत्राला हुकूम देण्याची भाषा) चाळीस वर्षांची म्हातारी. गावाने आणलेला भोंगा कंपनीचा, त्याची भाषा गेल्या दिवाळीतली. दोघांचे एकमेकांशी जमेना, म्हणून बारा वर्षांच्या जुईने खपून एक दुभाषी प्रोग्रॅम (एका भाषेतला हुकूम दुसऱ्या भाषेत सांगणारा) लिहिला होता. पाच वाजता चाचणी होती. भोंगा वाजला नाही, तर नदीपात्रात मळे लावायला बंदी येणार होती. आणि जुईच्या आईचा कलिंगडांचा मळा नेमका तिथेच, वाळूत होता. साडेचार तर कधीच वाजून गेले होते!

सुमनआत्या चहाचा कप घेऊन आली. पाटबंधारे खात्यात यंत्रांचे प्रोग्रॅम लिहिता लिहिता ती निवृत्त झाली होती.

"आत्या, सरकार ही जुनाट भाषा फेकून का देत नाही गं? कंपन्या बघ, दर वर्षी नवी घेतात!"

"घेतात ना. आपला आधीचा भोंगा आठवतो? तोही कंपनीचाच. कंपनीने नवी भाषा घेतली आणि जुनीला वाऱ्यावर सोडलं. आता त्यावर कावळे बसतात."

"हो, पण म्हणून चाळीस वर्षं?"

"अगं, कंपनीला गिऱ्हाईक लवकर हवं असतं. नवी भाषा सोपी दिसली की उद्याच घेते. चुकलं तर परवा दुरुस्त करते, माफी मागते. धरणाचा दरवाजा चुकून उघडला, तर माफी मागून भागेल का? राज्यातली चारशे धरणं एकाच प्रोग्रॅमवर चालतात. एक शब्द बदलायचा, तर प्रत्येक दरवाजा पुन्हा तपासायचा. मग समिती बसते."

"आणि उठतच नाही!"

"तेही खरंच. दाखव बघू, काय लिहिलंयस?"

पडद्यावर शब्द होता : सूचना.

"उकार ऱ्हस्व कर."

"अगं, चूक आहे ते! याच उकारापायी बाईंनी माझा अर्धा गुण कापला होता!"

"कर म्हणते ना! चाळीस वर्षांपूर्वी कोणीतरी घाईत 'सुचना' लिहिलं. लक्षात येईपर्यंत ते सगळ्या धरणांत पोचलं होतं. यंत्राला शुद्धलेखन कळत नाही गं. अक्षरं जुळली की नाही, एवढंच ते बघतं."

"कोण होता तो दिवटा?"

आत्याने चष्मा काढून पदराला पुसला. "होता नाही, होती," ती म्हणाली. "दुरुस्तीचा अर्ज मी तेव्हाच दिलाय. समिती बसली आहे."

जुईने कपाळावर हात मारला आणि उकार ऱ्हस्व केला.

पाचला भोंगा असा काही बोंबलला की जुन्या भोंग्यावरचे कावळे उडाले. वाळूतून आई टोपली घेऊन काठाकडे चालू लागली. तिला पाहून जुईला रडूच आले.

मग तिने नाक पुसून प्रोग्रॅममध्ये आणखी एक ओळ लिहिली : 'सुचना' चालेल, 'सूचना'ही चालेल.

"ही कशाला?" आत्याने विचारले.

"उद्या तुझी समिती उठली तर? भोंगा तेव्हाही वाजायला हवा ना!"